शाळेचा वाटा

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. १२ मार्च १९३२

चि. विमल हिस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर तुझ्या नावामागे गं. भा. लिहायचं मी सोडलंय, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. तू विधवा आहेस हे पोस्टमनला कळून काय करायचंय? शाळा कुठे आहे ते कळलं की त्याला पुरे. म्हणून ‘मास्तरीणबाई, मुलींची शाळा, बुरोंडी’ एवढंच लिहिते.

इकडे सर्व ठीक. यांचा दमा थंडी सरल्यापासून बरा आहे. कोर्टात जातात, परत येऊन चहा घेतात आणि पक्षकारांना नावं ठेवतात. सासूबाईंचे गुडघे धरलेत, तोंड नेहमीसारखं चालू आहे. केळशीची माझी दोन कलमं यंदा बरी मोहरली असं दादा लिहितो. आबांनी ती माझ्या लग्नात माझ्या नावे केली, त्याचं वहिनीला अजून वाईट वाटतं. आंब्याचे पैसे आले की दरवर्षीसारखं काहीतरी सोन्याचं करून ठेवीन. कुळथाचं पीठ हर्णैच्या बोटीनं पाठवलंय, ते वेळेवर सोडवून घे.

तू विचारलंस, अक्का, त्या स्कूल बोर्डात जाऊन तू करतेस तरी काय. खरं सांगू? भिंतीशी एक वेगळी खुर्ची मांडतात, तिच्यावर बसते. बोर्डावर एक बाई असावी असं वरून ठरलं, वकिलाची थोडं इंग्रजी शिकलेली बायको सापडली, झालं. पहिल्या सभेत अध्यक्षांनी माझं स्वागत केलं आणि दुसऱ्या सभेपासून पानसुपारीची व्यवस्था माझ्याकडे दिली.

पण यंदा सभेत ऐकण्यासारखं आहे. शाळांचा पैसा येतो दोन वाटांनी. शेतसाऱ्याच्या रुपयामागे लोकल फंडाचा आणा घेतात त्यातला हिस्सा, आणि उरलेली सगळी सरकारची ग्रँट. जातो मात्र जवळजवळ एकाच वाटेनं, मास्तरांच्या पगारात. त्यातून जे चिमूटभर राहतं त्यात घरभाडी, नकाशे, खडू आणि सभासदांचा प्रवासभत्ता. यंदा मंदीच्या नावानं सरकारनं ग्रँट छाटली. पगारात कपात झाली ती तुला माहीतच आहे. तेवढ्यानं भागेना, म्हणून काही शाळा बंद करायचं ठरलं.

कुठल्या बंद करायच्या यावर जे चाललं ते गुरांच्या बाजारात शोभलं असतं. जो तो आपल्या तालुक्याच्या शाळा पोटाशी धरून बसलेला. तुझी एक सोड, मी माझी एक सोडतो. लांज्याकडचे महिपतराव खोत म्हणाले, माझ्या गावची शाळा गेली तर मी तोंड कुठे दाखवू. मला तालुका नाही, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही. शेवटी न राहवून मीच म्हटलं, माणसं बघू नका, हजेरी बघा. जिथे मुलं येत नाहीत ती शाळा बंद करा. आणि पावसाळ्यातली हजेरी धरू नका. तेव्हा तपासनीस खाड्या ओलांडून जाऊ शकत नाहीत, आणि मास्तर लोक मनाला येतील तेवढी मुलं कागदावर बसवतात. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतची सरासरी काढा.

विमल, सगळ्यांनी माना वळवून माझ्या खुर्चीकडे बघितलं. मग अध्यक्ष म्हणाले, बाई, याला न्याय म्हणतात. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं कुणी उतरवून घेतलं. मला आनंद झाला, लपवत नाही.

बाकी विशेष नाही. हो, सहज विचारते, तुझ्याकडे सध्या मुली किती येतात? नेमानं येणाऱ्या किती आणि अधूनमधून येणाऱ्या किती, ते उलट टपाली कळव. तू काळजी करू नकोस, नुसतं विचारलं.

तुझी,
अक्का

रत्नागिरी,
ता. १० एप्रिल १९३२

चि. विमल,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तोवर उशीर झाला होता, असं लिहायला मी बसले होते. पण ते खरं नाही. मी तुला मुलींची संख्या विचारली तेव्हाच यादी माझ्यापुढे होती, आणि बुरोंडीची मुलींची शाळा तीत खालून दुसरी होती.

तुझं म्हणणं मी सभेत मांडलं. नारळी पौर्णिमेला नारळ पडला की होड्या दर्यात जातात, त्या दिवसापासून मुली किनाऱ्यावर मासळी निवडतात, वाळत घालतात, आया पाट्या घेऊन दापोलीला गेल्या की धाकटी भावंडं राखतात. मिरगाच्या आधी होड्या वाळूवर ओढून शाकारल्या की त्याच मुली शाळेत मावत नाहीत. म्हणजे माझ्या नियमानं नेमके भरलेले महिने वगळले आणि रिकामे महिने मोजले. तू लिहिलंस, ‘अक्का, तू केळशीत वाढलीस ना? मग दर्या कधी बघितला नाहीस?’ नाही ग. समुद्र परसदारी होता, पण कोळीवाड्यातली मुलगी कुठल्या महिन्यात काय करते हे आपल्या घरात कुणाला ठाऊक होतं? वाऱ्यावर मासळीचा वास आला की आई खिडकी लावून घ्यायची.

महिपतराव म्हणाले, कोळ्यांना जमीन नाही, म्हणून सारा नाही, सारा नाही म्हणून फंड नाही. आमच्या भातावरच्या पट्टीतून त्यांच्या पोरींनी का शिकायचं? बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्या घटकेला उत्तर सुचलं नाही. मग अध्यक्ष हसत म्हणाले, “बाई, नियम तुमचाच आहे. बहिणीपुरता मोडायचा का?”

मी हात वर केला. शाळा बंद करण्याच्या बाजूनं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. नाही म्हटलं असतं तर प्रत्येकानं आपापली बहीण पुढे आणली असती. हे कारण मला सभेत पुरेसं वाटलं होतं. घरी येईपर्यंत तेवढंसं वाटेना, पण ठराव मंजूर झाला होता.

आता पुढचं. शाळेला कुलूप लावून किल्ली तुमच्या भागाच्या बीट-मास्तरांकडे दे. दिरांकडे परत जाऊ नकोस, तिथे तू जन्मभर त्यांच्या चुलीपुढे बसशील आणि वर उपकार त्यांचेच. इकडे ये. माडीवरची खोली रिकामी आहे. कोळीवाड्यात राहून आलीस म्हणून सासूबाई पंचगव्य घ्यायला लावतील, ते एकदा घेऊन टाक. सणासुदीला सवाष्णींत पुढे येऊ नकोस आणि माझ्या मैत्रिणी आल्या की जरा आत राहा. एवढं सोडलं तर तुला काही त्रास होणार नाही.

रागावली असशील तर तसं लिही. न लिहून बसू नकोस.

अक्का

रत्नागिरी,
ता. १४ सप्टेंबर १९३२

चि. विमल,

आशीर्वाद. अख्खा पावसाळा तुझी दोन ओळींची दोन कार्डं आली. ‘मी खुशाल आहे, येत नाही’ हे पहिलं, आणि ‘मी खुशाल आहे’ हे दुसरं. मी इकडे हर्णैकडचा कुणी भेटतो का म्हणून बघत होते. गौरी-गणपती आटोपले आणि काल तुझं हे लांबलचक पत्र आलं. दोनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं, आणि यांनी चष्मा काढून पुसला, जे हे सहसा करत नाहीत.

माझी समजूत बरोबर आहे का बघ. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्याचा एक, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचे, आणि एक देवीचा. देवीचा वाटा लिलावात जातो आणि त्यातून देवळाचा खर्च चालतो. तू शाळेला कुलूप लावायला निघालीस तेव्हा आत्माराम तांडेल म्हणाला, थांब बाय, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीवर देवीच्या वाट्याशेजारी एक वाटा जास्त पडला. तो शाळेचा. मग बाकीच्या होड्यांनीही धरला. त्याच्या पैशातून तुझं पोट आणि मुलींच्या पाट्या. बोर्डानं खोलीचं भाडं बंद केलं, तर तुम्ही देवळामागच्या जाळी ठेवायच्या पडवीत शाळा नेली.

आणि घंटा बोर्डाची राहिली नाही, म्हणून सकाळी अकराची शाळाही राहिली नाही. होड्या आल्या, मासळी निवडून झाली, मुली हातपाय धुऊन आल्या की तू शाळा भरवतेस. त्यामुळे ऐन मोसमातही निम्म्याहून जास्त येतात. इतकी साधी गोष्ट आम्हा बोर्डात बसलेल्यांना सुचली नाही, कारण घड्याळ आमच्या भिंतीवर आहे.

मासळीच्या पैशावर तू भात खातेस हे सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्या विचारणारही नाहीत, कारण तू येत नाहीस म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

पावसाळ्याबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस. मुली भरपूर आल्या असतील म्हणून सवड झाली नसेल.

महिपतरावांना आता माझ्याकडे उत्तर आहे. कोळी फंड देत नाहीत म्हणता? घ्या, हा फंड. रुपयामागे आणा नव्हे, प्रत्येक होडीमागे वाटा. येत्या सभेत तुझं पत्र मी मोठ्यानं वाचणार आहे. तू नको म्हणशील म्हणून तुझ्या उत्तराची वाट बघत नाही.

तुझी,
अक्का

रत्नागिरी,
ता. ५ मार्च १९३३

चि. विमल,

अनेक आशीर्वाद. या खेपेला लिहायला फार दिवस लागले. यांचा दमा पुन्हा उपटला होता, तो उतरला. दादाकडे वहिनीला मुलगी झाली. सासूबाई म्हणतात आंबा कमी येणार, पण दादा लिहितो माझी कलमं याही वर्षी लगडली आहेत.

असो. आता जे लिहायचं ते लिहिते.

तुझं पत्र मी सभेत वाचलं. टाळ्या वाजल्या. महिपतरावांनीही वाजवल्या. मी खुर्चीवर बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. घरी आल्यावर मी गोड केलं. आणि गेल्या महिन्यात पुढच्या सालचं अंदाजपत्रक हातात आलं, तर जमेच्या बाजूला एक नवीन रकाना. ‘लोकांकडून अपेक्षित.’ किनारपट्टीच्या आणखी दहा मुलींच्या शाळांचा पगार बंद करायचा आणि त्या गावांनी आपापल्या चालवायच्या. अध्यक्ष म्हणाले, “बुरोंडीनं वाट दाखवली.” आणि माझ्याकडे बघून मान लववली.

तुम्ही आपल्या तोंडचा घास काढून शाळा उभी ठेवलीत, आणि मी ती गोष्ट मिरवून त्यांच्या हातात दिली. महिपतरावांना गप्प करायला गेले होते. तेच आता सर्वांत खूश. कोळी देऊ शकतात हे मीच सिद्ध केलं ना? मग त्यांना बोर्डानं का द्यावं?

पुढची सभा आठ दिवसांवर होती. मला बोलायला काही सापडेना. अशात तुमच्या कोळीवाड्यातली गंगुबाई आली. तिची लेक इथे मिऱ्याला दिलीय, तिच्या बाळंतपणाला आली होती. तू दिलेली कोकमाची सोलं घेऊन मागच्या दारी उभी राहिली. मी तिला पडवीत बसवलं, तुझी खुशाली विचारली. बोलता बोलता म्हटलं, पावसाळ्यात वाट्याचे पैसे कसे पुरवता ग? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “पावसात होडी नाय, तर वाटा कसला? बाय आमच्यातच पेज जेवायची. चार घरांनी पाळी लावली होती. तुला सांगू नको बोलली होती ती.”

विमल, मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू आलं, आणि ते गंगुबाईसमोर आलं. एक तर तू उपाशी राहण्याच्या बेतात होतीस म्हणून, आणि दुसरं, मला सांगायचं नाही असं तुला वाटलं म्हणून. आणि का वाटू नये? मी तुला पंचगव्य घ्यायला बोलावलं होतं. त्यांनी तुला नुसतं जेवायला बोलावलं.

गंगुबाईला मी चहा दिला, आमच्याच कपातून. सासूबाईंनी आतून कप बाहेर ठेवायला सांगितला. मी तो घासला आणि आतल्या फळीवर ठेवला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घर अगदी शांत होतं.

सभेत मी उभी राहिले. त्यांना म्हटलं, तुमचा रकाना तीन महिने कोरा राहणार आहे. मासळी असते तेव्हा मुली कमी येतात, आणि मुली सगळ्या येतात तेव्हा मासळी नसते. शाळा भरलेली असते त्याच दिवसांत तिच्या नावचा एक पैसा नसतो. गेल्या पावसाळ्यात बुरोंडीच्या बाईंनी बिनपगारी शिकवलं. तुम्ही दहा बाया अशा शोधून आणणार असाल तर रकाना ठेवा. तू कुणाकडे जेवलीस ते मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर शाळेचं बोलणं राहून ते तेवढंच चघळत बसले असते.

अध्यक्षांनी नाक मुरडलं. जिल्ह्याच्या हिशेबात तीन महिने कोरा राहणारा रकाना वर दाखवता येणार नाही, एवढं त्यांना पटलं. तो रकाना एका वर्षापुरता काढला. दहा शाळा वाचल्या. वर्षानंतर पुन्हा हेच.

मग मी दुसरा ठराव मांडला. सभासदांचा प्रवासभत्ता निम्मा करा आणि त्यातून बुरोंडीची शाळा परत घ्या. आणि सरासरी काढताना किनाऱ्यावरच्या गावांचा पावसाळा धरा. नियम माझा होता, तो चुकीचा होता, मी तो मागे घेते. पहिल्यांदाच सगळे तालुके एक झाले. माझ्याशिवाय एकच हात वर आला, दाभोळकडच्या म्हाताऱ्या सभासदांचा. ते एरवी सभेत डुलक्या घेतात, त्यामुळे त्यांनी ठराव ऐकून हात वर केला की दचकून, ते मी विचारलं नाही. ठराव पडला. महिपतराव बाहेर पडताना म्हणाले, बाई, भत्त्याला हात घालायचा नसतो.

तेव्हा बुरोंडीची शाळा परत आलेली नाही. मला ती परत आणता आली नाही, आणि घालवताना मात्र माझा एक हात पुरला.

आता एक काम कर. आत्माराम तांडेलाला विचार, दर्यात कधी न गेलेल्या बाईचा वाटा धरतात का. देवीचा धरतात, ती तरी कुठे दर्यात जाते? धरत असतील तर माझी दोन कलमं शाळेच्या वाट्यात घाल. आंब्याचे पैसे हातात येतात आणि होड्या वाळूवर ओढतात, ते दिवस एकच आहेत. होड्या वर असतील तोवर माझा वाटा चालेल, पौर्णिमेला नारळ पडला की त्यांचा. सोनं आहे तेवढं मला पुष्कळ झालं. दादाला मी परस्पर लिहिलंय. वहिनीला आणखी वाईट वाटेल, त्याला इलाज नाही. आणि हे मात्र मी सभेत वाचून दाखवणार नाही.

दुसरं. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं मी हर्णैला उतरेन, बैलगाडी बघून ठेव. परतीची बोट पौर्णिमेनंतर, तोवर तुझ्याकडे राहीन. मला गणित आणि शिवण येतं, तुझ्या पडवीत कामाला येईल. यांना विचारलं, तर हे म्हणाले, जा, तुझ्या बोर्डाला तुझ्यावाचून बरंच वाटेल. मग माझ्या औषधांच्या बाटल्या कुठे असतात ते तेवढं दाखवून जा, म्हणाले.

माझ्या जाण्याविषयी सासूबाई आज पहिल्यांदा बोलल्या. विचारलं, तिथे कोळीवाड्यात तू जेवणार कुठे?

मी सांगितलं, पाळी येईल त्या घरी.

तेव्हा त्या चार घरांना कळव, पावसाळ्यात एक पान वाढेल.

तुझी,
अक्का